फसवून करून घेतलेले बक्षीसपत्र: दाव्याची तीन वर्षे कोणत्या दिवसापासून मोजायची?

दादरची लेक

नमस्कार. बोरिवली पश्चिमेतील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत माझ्या वडिलांची सदनिका होती. २०१५ च्या अखेरीस त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात निकामी झाला. बँक, सोसायटी आणि भाडेकरू यांची कामे पाहण्यासाठी त्यांनी माझ्या आतेभावाला मुखत्यारपत्र दिले आणि ते स्वतः आमच्याकडे दादरला राहायला आले. जून २०१६ मध्ये आतेभाऊ त्यांना दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात घेऊन गेला. पुनर्विकासाची कागदपत्रे आहेत, असे तेव्हा घरात सांगण्यात आले होते. त्यानंतर बाबांच्या खात्यात दरमहा भाडे जमा होत राहिले, त्यामुळे कोणालाही शंका आली नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये बाबा गेले.

११ ऑगस्ट २०२३ रोजी सोसायटीच्या एका ओळखीच्या सभासदांनी मला पुनर्विकासासाठी तयार केलेली सभासदांची यादी दाखवली. तीत बाबांच्या सदनिकेसमोर आतेभावाचे नाव होते. त्याच आठवड्यात मी इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातील दस्ताचा गोषवारा) आणि दस्ताची प्रमाणित प्रत काढली, तेव्हा जून २०१६ चा तो कागद म्हणजे आतेभावाच्या लाभात केलेले नोंदणीकृत बक्षीसपत्र असल्याचे समजले. दस्ताच्या प्रत्येक पानावर बाबांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा आहे. वास्तविक बाबा डाव्या हाताने सही करायला शिकले होते आणि बँकेने त्यांच्या नव्या सहीचा नमुना मार्च २०१६ मध्येच नोंदवून घेतला होता.

सप्टेंबर २०२३ मध्ये मी पोलिसांकडे तक्रार दिली. पुढे गुन्हा नोंदवला गेला असून तपास अजून चालू आहे. आता एक नातेवाईक म्हणतात की दस्त २०१६ चा असल्यामुळे दिवाणी दाव्याची मुदत २०१९ मध्येच संपली. दुसरे म्हणतात की फौजदारी प्रकरण चालू असेपर्यंत दिवाणी दाव्याची घाई नाही. येत्या ११ ऑगस्टला मला कळल्याला तीन वर्षे पूर्ण होतील. यातले नेमके खरे काय, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

गोरेगावकर सचिव

ताई, मी वकील नाही, पण सोसायटीच्या कामामुळे असे दोन-तीन वाद जवळून पाहिले आहेत. नोंदणीकृत दस्त हा सर्व जगाला दिलेली सूचनाच असतो आणि म्हणून मुदत नोंदणीच्या दिवसापासून चालू होते, असेच मी आजवर ऐकत आलो आहे. आमच्याच संस्थेतील एका सभासदाचे वादपत्र साक्षीपुराव्यापर्यंत न पोहोचता, केवळ ते मुदतबाह्य असल्याच्या कारणावरून सुरुवातीलाच नामंजूर झाले. आपल्याला निराश करण्याचा हेतू नाही, पण हा धोका गृहीत धरूनच पावले उचलावीत.

शीवचा वाचक

मला हे मत पटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच म्हटले आहे की फसवणुकीने मिळवलेली प्रत्येक गोष्ट निरर्थक असते आणि ती कोणत्याही टप्प्यावर, कोणत्याही न्यायालयात उघडी पाडता येते. मग फसवणुकीला मुदत कशी लागेल? शिवाय गुन्हा दाखल झालेला आहे. तो सिद्ध झाला की दिवाणी दावा आपोआप सोपा होईल. वकिलांची फी दोनदा कशाला भरायची?

दिवाणी वकील, फोर्ट

ताईंचा प्रश्न आणि वरचे दोन्ही प्रतिसाद वाचले. ताईंच्या हातात आता फार दिवस उरलेले नसल्यामुळे सविस्तर लिहितो.

१९९४ चा निर्णय एस. पी. चेंगलवराय नायडू प्रकरणातला आहे. तेथे एका पक्षकाराने महत्त्वाचा दस्त न्यायालयापासून दडवून हुकूमनामा मिळवला होता, म्हणजे फसवणूक न्यायालयाशी झाली होती. खाजगी व्यवहारातल्या फसवणुकीला मुदतच नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही. दावा मुदतीबाहेरचा असेल तर प्रतिवादीने हरकत घेतली नसली तरी तो फेटाळावा, असे १९६३ च्या मुदत कायद्याचे कलम ३ न्यायालयाला बजावते. उशीर माफ करण्याची जी सोय कलम ५ मध्ये आहे, ती अपिलांना आणि अर्जांना आहे, दाव्यांना नाही. मूळ दाव्याला एक दिवस उशीर झाला तरी न्यायाधीशांची सहानुभूती कामाला येत नाही, हे पक्षकारांना बहुतेक वेळा फार उशिरा कळते.

पोलीस तपासाबद्दलचा गैरसमज त्याहून घातक आहे. दस्त झाला तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० खालच्या (फसवणुकीच्या) गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तीन वर्षांपेक्षा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना न्यायालयाने दखल घेण्याची मुदत नसते. त्यामुळे फौजदारी प्रकरण अनेक वर्षांनीही उभे राहू शकते आणि लोक तोच नियम दिवाणी दाव्यालाही लावतात. परंतु मुदत एकदा धावू लागली की मागाहून आलेल्या असमर्थतेमुळे ती थांबत नाही, असे मुदत कायद्याचे कलम ९ सांगते. अधिकारक्षेत्र नसलेल्या न्यायालयात सद्भावनेने घालवलेला काळ कलम १४ खाली वगळता येतो, मात्र पोलीस ठाणे किंवा आर्थिक गुन्हे शाखा म्हणजे न्यायालय नव्हे. वकिलाची नोटीस पाठवल्यानेही आपल्यासारख्या खाजगी वादात घड्याळ थांबत नाही.

आता मूळ प्रश्न. दस्त रद्द करून मागण्याच्या दाव्याला मुदत कायद्याच्या अनुसूचीतील अनुच्छेद ५९ लागतो. मुदत तीन वर्षे आहे आणि ज्या वस्तुस्थितीमुळे दस्त रद्द करून मागण्याचा हक्क मिळतो ती वादीला कळल्यापासून ती मोजली जाते. त्याच्या जोडीला कलम १७ आहे. दावा प्रतिवादीच्या किंवा त्याच्या अभिकर्त्याच्या (त्याच्या वतीने काम करणाऱ्याच्या) फसवणुकीवर आधारलेला असेल, तर ती फसवणूक वादीला कळेपर्यंत, किंवा वाजवी तत्परता दाखवली असती तर कळू शकली असती त्या दिवसापर्यंत, मुदत सुरूच होत नाही. या वाक्याचा दुसरा भाग वादींना जड जातो. मला ११ ऑगस्टला कळले, एवढे लिहून भागत नाही. त्याआधी का कळू शकले नसते, हेही दाखवावे लागते.

सचिवसाहेबांनी मांडलेली हरकत प्रतिवादी हमखास घेणार आहे. दिलबू विरुद्ध धनराजी या २००० च्या निर्णयात, नोंदणीकृत दस्ताच्या बाबतीत नोंदणीचा दिवस हाच माहिती झाल्याचा मानीव (कायद्याने धरलेला) दिवस ठरतो, असे वाक्य आहे आणि ते आपल्यासमोर वाचून दाखवले जाईल. त्यावर आपले उत्तर असे की मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ३ मधील नोंदणीच्या सूचनेचा नियम मिळकत नव्याने संपादन करणाऱ्याला उद्देशून आहे. स्वतःच्या घराचे भाडे दरमहा खात्यात येत असताना, आपण ते घर कोणाला देऊन तर टाकले नाही ना, हे पाहण्यासाठी मालकाने दरवर्षी निबंधक कार्यालयात शोध घ्यावा, अशी अपेक्षा कायदा करत नाही. भाडे चालू ठेवणे हाच येथे फसवणूक झाकण्याचा मार्ग होता. माझ्या मते आपली बाजू यावर भक्कम उभी राहू शकते.

दुसरा मुद्दा दस्ताच्या स्वरूपाचा. निंगव्वा विरुद्ध ब्यरप्पा या १९६८ च्या निर्णयापासून एक भेद पक्का झालेला आहे. कागद कशाचा आहे याविषयीच फसवले असेल, म्हणजे पुनर्विकासाचा कागद सांगून बक्षीसपत्रावर अंगठा घेतला असेल, तर तो दस्त मुळातच शून्य ठरतो. बक्षीसपत्र आहे हे माहीत होते, पण त्यातील मजकुराविषयी फसवले, अशी स्थिती असेल तर तो केवळ रद्द करण्याजोगा असतो आणि वेळेत रद्द करून घ्यावाच लागतो. शून्य दस्त रद्द करून मागण्याची सक्ती नसते आणि मालकीच्या आधारे ताबा मागण्यास अनुच्छेद ६५ खाली बारा वर्षांची मुदत मिळते. पण या बारा वर्षांच्या भरवशावर बसू नका. आपले वडील साक्षर होते, निबंधकांसमोर स्वतः हजर होते. न्यायालयाने उद्या दस्त रद्द करण्याजोगा मानला, तर ताब्याची मागणी त्या दस्ताबरोबरच बुडेल. दोन्ही बाजू वादपत्रात मांडाव्यात आणि दावा मात्र तीन वर्षांच्या हिशेबानेच दाखल करावा.

वादपत्र लिहिण्याबद्दल थोडे आग्रहाने सांगतो, कारण अर्धे दावे तेथेच पडतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम ४ प्रमाणे फसवणुकीचा तपशील तारखांसह द्यावा लागतो. ‘प्रतिवादीने विश्वासघात करून दस्त करून घेतला’ हे एक वाक्य म्हणजे तपशील नव्हे. कोण कोणत्या दिवशी घरी आला, काय बोलला, कोणासमोर बोलला, बाबांना कशातून नेले, परत आल्यावर ते काय म्हणाले, हे सर्व लिहायचे असते. मुदतीतून सूट मागत असाल तर तिचे कारण आदेश ७ नियम ६ खाली स्पष्टपणे मांडावे लागते. हे नसेल तर प्रतिवादी आदेश ७ नियम ११ खाली अर्ज करतो आणि न्यायालय केवळ वादपत्र वाचून ते नामंजूर करू शकते. २०२० च्या दहिबेन प्रकरणात तसेच झाले. २००९ च्या नोंदणीकृत खरेदीखताविरुद्ध २०१४ मध्ये आणलेल्या दाव्यात माहिती उशिरा झाल्याचे कथन टिकले नाही आणि साक्षीपुरावा होण्याआधीच प्रकरण संपले.

ताई, एक प्रश्न मला विचारावाच लागेल. मुदत कायद्यात ‘वादी’ या शब्दाच्या व्याख्येत, वादीला ज्याच्याकडून दाव्याचा हक्क मिळाला ती व्यक्तीही येते. आपण वारस म्हणून दावा आणणार, तेव्हा आपल्याला कधी कळले याच्या आधी बाबांना कधी कळले हे पाहिले जाईल. २०१६ ते २०२१ या काळात त्यांच्या नावाने सोसायटीचे एखादे पत्र आले होते का?

दादरची लेक

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. वकीलसाहेब, आपल्या प्रश्नानंतर मी सोसायटीकडून पत्रव्यवहाराच्या प्रती मागवल्या. १५ जानेवारी २०१९ चे एक पत्र आहे. भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) आतेभावाच्या नावे हस्तांतरित केल्याचे बाबांना कळवणारे ते पत्र बोरिवलीच्या सदनिकेच्या पत्त्यावर पाठवले होते. तेथे तेव्हा भाडेकरू राहत होते आणि बाबा दादरला अंथरुणाला खिळलेले होते. जावक नोंदवहीत ‘हस्ते’ असे लिहून पुढे एक सही आहे. ती बाबांची नक्कीच नाही आणि मला ती आतेभावाचीच वाटते.

ते पत्र बाबांना मिळाले असे धरले गेले, तर टाळेबंदीच्या काळातील सवलतीचा उपयोग होईल का?

दिवाणी वकील, फोर्ट

दुर्दैवाने होणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या गणनेतून वगळला आहे. १५ जानेवारी २०१९ पासून मोजल्यास त्यापूर्वी चौदा महिने खर्ची पडतात. उरलेले बावीस महिने १ मार्च २०२२ पासून मोजले तर डिसेंबर २०२३ च्या अखेरीस मुदत संपते. म्हणजे त्या पत्राची माहिती बाबांना होती असे ठरले, तर दावा आजच मुदतबाह्य आहे. एवढ्यासाठी त्या पत्राचा मुकाबला वादपत्रातच करावा. प्रतिवादी ते पुढे आणील तेव्हा पाहू, असे म्हणू नये. पत्र कोणत्या पत्त्यावर गेले, तेथे कोण राहत होते, बाबा कोठे होते, नोंदवहीतली सही कोणाची, हे आपणच आधी सांगितले की लपवण्याचा आरोप आपल्यावर न येता प्रतिवादीवर जातो. दादरच्या पत्त्यावरची त्या काळातली औषधोपचाराची कागदपत्रे, बँकेची विवरणपत्रे आणि घरी येणाऱ्या परिचारिकेच्या पावत्या एकत्र करा.

नोंदणी खात्यातून निवृत्त

ताई, मी बरीच वर्षे दुय्यम निबंधक कार्यालयात काम केले आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो. सदनिकेत भाडेकरू होते, असे आपण म्हणता. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. २०१६ नंतर ज्या ज्या वेळी नवा करार झाला असेल, त्या प्रत्येक कराराची प्रत काढा आणि त्यात घरमालक म्हणून कोणाचे नाव आहे ते पाहा. आपल्या आतेभावाने जून २०१६ नंतरही बाबांचा मुखत्यार म्हणून सही केलेली असेल, तर बक्षीसपत्राने मालक झालेला माणूस दोन वर्षांनी दुसऱ्याला मालक म्हणून दाखवून करार का करत होता, याचे उत्तर त्याला द्यावे लागेल.

बक्षीसपत्रावरही बारकाईने नजर टाका. भाचा हा पत्नी, मुले, नातवंडे यांच्या सवलतीत बसत नाही, त्यामुळे मुद्रांक शुल्काची रक्कम मोठी असणार. ती कोणाच्या खात्यातून गेली ते चलनावरून शोधता येते. दोन साक्षीदार आणि ओळख देणारे दोघे कोण आहेत, ते आपल्या कुटुंबातले आहेत की आतेभावाच्या ओळखीतले, हेही लिहून ठेवा.

दादरची लेक

काका, आपण सांगितल्याप्रमाणे शोध घेतला. ऑक्टोबर २०१८ चा नोंदणीकृत भाडेकरार मिळाला आहे. त्यात परवाना देणारे, म्हणजे घरमालक, म्हणून बाबांचेच नाव आहे आणि सहीच्या जागी ‘मुखत्यार’ म्हणून आतेभावाची सही, छायाचित्र व अंगठा आहे. २०२२ चा करार मात्र त्याने स्वतःच्या नावाने केला आहे आणि तेव्हापासूनचे भाडे तोच घेत आहे. हे भाडेही मागता येईल का? दावा कोठे दाखल करायचा? आणि माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो. तो म्हणतो की आधी तू दावा लाव, मी नंतर सामील होईन.

दिवाणी वकील, फोर्ट

२०१८ चा करार फार मोलाचा आहे. कलम १७ मधील ‘फसवणुकीने दडवून ठेवले’ या भागाला याहून चांगला लेखी पुरावा क्वचितच मिळतो. त्याची प्रमाणित प्रत वादपत्रासोबत जोडा आणि वादपत्रात त्यावर स्वतंत्र परिच्छेद लिहा.

भाड्याचा हिशेब वेगळा आहे. दुसऱ्याच्या मिळकतीचे उत्पन्न गैरपणे घेतल्याबद्दल अनुच्छेद ५१ लागतो आणि मुदत प्रत्येक वेळी ती रक्कम घेतल्यापासून तीन वर्षे असते. म्हणजे एकेका महिन्याचे भाडे स्वतंत्रपणे मुदतबाह्य होत जाते. २०२२ पासूनचे सगळे भाडे मागाच आणि जुन्या महिन्यांसाठीही कलम १७ चा आधार घ्या. पण दावा लांबेल तसा हा आकडा घटत जाईल, हे ध्यानात असू द्या.

मिळकत बोरिवलीची असल्यामुळे, दाव्याचे मूल्य दहा कोटींच्या आत बसत असल्यास, तो शहर दिवाणी न्यायालयाच्या दिंडोशी येथील शाखेत दाखल होईल. महिला पक्षकारांना काही प्रकारच्या दाव्यांत कोर्ट फी माफ करणारी १९९४ ची शासकीय अधिसूचना आहे. आपल्या वादाला ती लागू होते का, हे आपल्या वकिलांकडून आधीच तपासून घ्या, म्हणजे ऐन वेळी फीच्या त्रुटीसाठी वादपत्र अडणार नाही.

दावा दाखल झाल्यावर त्याच आठवड्यात प्रलंबित दाव्याची नोटीस निबंधकांकडे नोंदवा. आपल्याकडे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ ला राज्याची दुरुस्ती आहे. अशी नोटीस नोंदवलेली नसेल, तर दावा चालू असताना सदनिका घेणाऱ्याला त्या कलमाने बांधून ठेवता येत नाही. मुदत कायद्याच्या कलम १७ चे परंतुकही (त्यातील अपवादही) फसवणुकीत सहभागी नसलेल्या आणि मोबदला देऊन घेणाऱ्या खरेदीदाराला संरक्षण देते. पुनर्विकासात पर्यायी सदनिकेचा करार आतेभावाच्या नावाने होऊ घातला आहे, तेव्हा सोसायटीला आणि विकासकाला लेखी कळवा आणि मनाई हुकमाचा अर्ज दाव्यासोबतच द्या.

भावाबद्दल मात्र त्याचे म्हणणे मान्य करू नका. मुदत कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नवा वादी किंवा प्रतिवादी मागाहून जोडला गेला, तर त्याच्यापुरता दावा जोडल्याच्या दिवशी दाखल झाला असे धरले जाते. सद्भावनेने चूक झाली असेल तर न्यायालय आधीची तारीख मानू शकते, पण मुद्दाम बाहेर राहिलेल्याला ती सूट मागता येणार नाही. भाऊ ११ ऑगस्टनंतर आला, तर त्याच्या हिश्श्यापुरता मुदतीचा वाद नव्याने उभा राहील. आई हयात असतील तर त्यांचेही नाव पहिल्याच दिवशी हवे. भावाला पुण्याहून येणे जमत नसेल, तर त्याने तेथील नोटरीसमोर वादपत्राचे सत्यापन आणि वकीलपत्र करून पाठवावे. तेही जमले नाही, तर त्याला निदान प्रतिवादी म्हणून घाला. पहिल्याच दिवशी तो दाव्यात असणे महत्त्वाचे आहे. ११ ऑगस्ट ही शेवटची तारीख न धरता जूनचा शेवट ही आपली तारीख धरा, कारण वादपत्र नोंदणी विभागात त्रुटी निघून परत आले तर त्या दूर करण्यासाठी हातात दिवस असावे लागतात.

दादरची लेक

आईचे आणि भावाचे नाव वादी म्हणून घालत आहोत. भाऊ शनिवारी मूळ कागद घेऊन येत आहे आणि सोमवारी वकिलांची वेळ घेतली आहे. २०१८ च्या कराराच्या दोन प्रमाणित प्रती काढल्या आहेत, एक दाव्यासाठी आणि एक तपास अधिकाऱ्यांसाठी.

शीवचा वाचक

वकीलसाहेब, १९९४ च्या निर्णयाचा संदर्भ आपण स्पष्ट केला, त्याबद्दल आभार. माझ्या मेहुण्यांचेही असेच एक प्रकरण फौजदारी तक्रारीवर विसंबून थांबले आहे. त्यात दस्त नाही, फक्त व्यवसायात गुंतवण्यासाठी म्हणून घेतलेले पैसे आहेत. रक्कम देणे लागतो, असे समोरच्याने गेल्या वर्षी सहीनिशी लिहून दिले आहे. त्याने मुदत वाढते का?

दिवाणी वकील, फोर्ट

मूळ मुदत संपण्याच्या आत ते लिहून दिले असेल, तर मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे सहीच्या तारखेपासून नवी मुदत मिळते. मुदत संपल्यानंतर दिलेल्या कबुलीने कलम १८ खाली ती पुन्हा जिवंत होत नाही. मात्र त्या कागदात पैसे देण्याचे स्पष्ट वचन असेल, तर करार कायद्याच्या कलम २५ खाली त्याचा स्वतंत्र करार म्हणून विचार होऊ शकतो. त्यासाठी कागदाची नेमकी भाषा पाहावी लागेल. पैसे दिल्याच्या तारखा आणि त्या कागदाची तारीख, नावे वगळून, वेगळ्या धाग्यात लिहा.